सुटं ‘पोपट मिक्स’: वाटीत नको, मुठीत हवं

नाशिकमध्ये पक्ष्यांचं खाद्य ठेवणाऱ्या बहुतेक दुकानांत एक मिश्रण पोत्यातून वजनावर मिळतं. पट्ट्यापट्ट्यांचं सूर्यफूल, पांढरी करडई, बाजरी, राळा (पक्षीवाले त्याला कांगणी म्हणतात), कुठे मका, कुठे सुकी लाल मिरची. कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्युअर असा लहान परदेशी पोपट आणला की पहिली खरेदी बहुधा याचीच होते. इथे हे मिश्रण एकाच कामासाठी तपासलं आहे: पक्ष्याला हातावर यायला, काठीला चोच लावायला शिकवताना ते किती उपयोगी पडतं?

पोत्यातलं जसंच्या तसं वाटीत ओतलं, तर काहीच उपयोग नाही. पक्षी सूर्यफूल आधी वेचतो, मग करडई, आणि बारीक धान्याकडे बघतही नाही. ज्या दाण्यासाठी त्याने चार पावलं चालत हातावर यायचं, तोच दिवसभर फुकट मिळतो. मग शिकवायला बसल्यावर तो दाणा घेतो, टाकतो आणि पिसं साफ करत बसतो. लोक म्हणतात पक्षी हट्टी आहे. पक्षी हट्टी नसतो, त्याचं पोट भरलेलं असतं.

संध्याकाळी वाटी नीट पाहा. वर टरफलांचा थर असतो, त्यामुळे ती भरलेली दिसते. हळूच फुंकर मारली की टरफलं उडतात आणि खाली खरं किती उरलंय ते कळतं. हे रोज करायलाच हवं. भरलेल्या दिसणाऱ्या वाटीपाशी पक्षी उपाशी राहू शकतो.

आहार म्हणूनही हे मिश्रण अपुरंच. सोललेल्या सूर्यफुलाचं निम्मं वजन तेलाचं असतं. सुक्या बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि कॅल्शियम फार कमी. वर्षानुवर्षं यावरच ठेवलेल्या पक्ष्याचं यकृत चरबीने खराब होतं, पिसं निस्तेज होतात, शिंका सुरू होतात. रोजच्या वाटीत चांगलं पेलेट (दळून, दाबून बनवलेलं तयार खाद्य), शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, थोडं बारीक धान्य हवं. पेलेटवर आणताना तीन-चार आठवडे घ्या, एका दिवसात बी बंद करू नका. अनोळखी पेलेट काही पक्ष्यांना अन्नच वाटत नाही.

आता या मिश्रणाची जमेची बाजू. गव्हाच्या चाळणीतून चाळलं की बाजरी-राळा खाली पडतो, सूर्यफूल-करडई वर राहते. खालचं थोडं थोडं रोजच्या वाटीत जाईल. वरचं बंद डब्यात, तोच शिकवण्याचा खाऊ. मिरची राहू द्या. पक्ष्यांना तिखट लागत नाही.

सूर्यफूल सोलूनच द्यायचं. टरफलासकट दिलं तर फोडण्यातच वेळ जातो आणि आपण कशाबद्दल बक्षीस मिळालं हे पक्षी विसरतो. दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच घास हवा. कॉकाटीलसाठी एका बीचे चार तुकडे, मोठ्या कोन्युअरला दोन, बजरीगर या छोट्या पोपटाला राळ्याचे दोन-चार दाणे. 20 सोललेल्या बिया म्हणजे साधारण 1 ग्रॅम. कॉकाटील दिवसाला 10 ते 15 ग्रॅम खातं, म्हणून सगळा खाऊ मिळून एक ग्रॅमच्या आतच ठेवा.

पण सूर्यफूलच प्रत्येकाचं आवडतं असेल असं नाही. तीन दिवस सकाळी बशीत सूर्यफूल, करडई, राळ्याच्या कणसाचा तुकडा, डाळिंबाचे दोन दाणे आणि गंधकाची धुरी न दिलेल्या काळ्या बेदाण्याचा कण ठेवून बघा. जे दोनदा पहिलं उचललं, ते त्या दिवसापासून वाटीतून बंद. हंगामात द्राक्षाची पातळ फोडही चालते, मात्र फवारणी लक्षात ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. द्राक्षानंतर विष्ठा पातळ झाली तर ते फळातलं पाणी असतं, लगेच घाबरू नका. अवोकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारे शेंगदाणे मात्र कधीच नाहीत.

वेळ सकाळची, वाटी भरण्याआधीची. रात्रभराची नैसर्गिक भूक पुरेशी असते, मुद्दाम उपाशी ठेवायची गरज नाही. काठी चोचीपासून बोटभर अंतरावर धरा. चोच लागली त्याच क्षणी ‘शाब्बास’, आणि पुढच्याच सेकंदाला तुकडा. उशीर झाला तर तोवर पक्ष्याने मान फिरवलेली असते आणि बक्षीस मान फिरवण्याला मिळतं. पाच मिनिटं, दहा-पंधरा तुकडे, बस. तो अजून मागत असतानाच थांबा आणि मग वाटी ठेवा. चावरा असेल तर तुकडा लांब दांड्याच्या चमच्यातून द्या.

ग्रॅम दाखवणारा किचन काटा याच कामाचा भाग समजा. रोज सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, खाण्याआधी वजन लिहून ठेवा. कॉकाटील साधारण 80 ते 110 ग्रॅम भरतं. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट झाली तर शिकवणं बंद आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

खरेदीत सर्वाधिक फसगत ताजेपणात होते. मूठभर दाणे नाकाशी धरा. खवट तेलाचा किंवा कुबट वास आला तर परत करा. दाण्यांत जाळी दिसली की धान्यातल्या पतंगाची कीड लागलीय. घरी 20 दाणे ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवा. निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर माल जुना. पावसाळ्यात बुरशी पटकन धरते, तेव्हा पाव किलोच्या वर घेऊ नये. आणि पेरणीच्या बियाण्यांच्या दुकानातली गुलाबी-निळी रंगवलेली बाजरी चुकूनही आणू नका, तिला औषध चोळलेलं असतं.

खरं तर सुटे जिन्नस वेगळे घेतलेले बरे. नाशिकच्या रविवार कारंजाच्या किराणा बाजारात बाजरी, नाचणी, राळा, करडई चौकशी केली की मिळतात. निवडण्याची कटकट वाचते आणि माल डोळ्यांनी बघून घेता येतो.

हे सगळं परदेशी जातींपुरतंच. आपला हिरवा राघू वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतो, तो घरात पाळता येत नाही. जखमी सापडला तर वनविभागाकडे द्यायचा.

निकाल: रोजचं खाद्य म्हणून हे मिश्रण घेऊ नका. बक्षिसाचा डबा भरायला दोनशे ग्रॅम घ्या, चाळून घ्या, आणि तो डबा पक्ष्याला दिसेल पण चोच पोचणार नाही अशा जागी ठेवा.