शॉकअपच्या नावाखाली 22,400 रुपये गेले

आधीच सांगतो, मी गाडीतलं काहीच न कळणारा माणूस नाही. डिझायर 2012 ची, 1,18,000 किलोमीटर झालेली, आणि गेली तेरा वर्षं तिचं ऑइल कधी बदललं हेसुद्धा माझ्या वहीत आहे. तरी फसलो.

एप्रिलमध्ये आईला घेऊन धुळ्याहून जळगावला निघालो होतो. आई 74 वर्षांची, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. पुढच्या डाव्या चाकातून स्पीडब्रेकरवर कटकट आवाज येत होता. महामार्गालगत एक गॅरेज दिसलं, थांबलो. गावाचं आणि गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलानेच मनाई केली आहे.

पोराने चाक खोललं, मिस्त्री खाली वाकला आणि मला हाक मारली. "साहेब, स्ट्रट लीक आहे, बघा." स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकाचा, स्प्रिंगमध्ये बसणारा शॉकअप. बघितलं. स्ट्रटवर तेल चकाकत होतं. बोट लावलं तर बोटावर पिवळसर, स्वच्छ तेल आलं.

तिथेच कळायला हवं होतं. रोज रात्री हेच आठवतं. त्या दिवशी रस्त्याच्या कामामुळे किती तरी किलोमीटर कच्च्या वळणरस्त्याने आलो होतो. चाकाच्या आत सगळीकडे पिठासारखी धूळ बसलेली, लोअर आर्मवर, ब्रेकच्या पाइपवर, स्प्रिंगवर. फक्त तेलावर धुळीचा कण नाही! खरी गळती असती तर त्यावर काळा चिकट थर जमला असता. ते तेल मी बघायला वाकण्याच्या दोन मिनिटं आधी कोणीतरी लावलेलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं, बोटाने पुसलं, आणि मान हलवली.

का हलवली? कारण मिस्त्री आईसमोर म्हणाला, "हे तुटलं तर चालू गाडीत चाक आडवं होतं." आईचा चेहरा उतरला. अशा वेळी कोण घासाघीस करणार?

पुढचे दोन स्ट्रट 9,200, वरची माउंट 2,900, मागचे दोन शॉकअप 4,700, मजुरी 3,500, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 900, खालची धुलाई 1,200. एकूण 22,400. पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के वर लागतील." मग कोऱ्या कागदावर चिठ्ठी. क्यूआर कोडवर नाव गॅरेजचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं आणि पन्नास मिनिटांत गाडी तयार. स्प्रिंग दाबून स्ट्रट सोडवायचा, माउंट बदलायची, मागचे दोन वेगळे, वर अलाइनमेंट. एवढं काम पन्नास मिनिटांत होत नाही. जुने पार्ट मागा, डिकीत टाकून घरी न्या. मी मागितले तेव्हा "भंगारवाला घेऊन गेला" म्हणाले. पन्नास मिनिटांत भंगारवालाही येऊन गेला!

चौथ्या दिवशी आवाज परत सुरू. अमळनेरजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने चाक काढलं, स्क्रू ड्रायव्हरने स्ट्रट खरवडला. काळ्या रंगाखाली गंज. स्प्रिंगच्या खालच्या वाटीत आमच्या शेतातली काळी माती वाळून दगड झालेली, तिच्यात कापसाचा धागा अडकलेला. तो धागा दिवाळीच्या वेचणीचा. "भाऊ, हाऊ जुनाच शे," (हा जुनाच आहे) एवढंच तो म्हणाला. मागचेही नुसते रंगवलेले. खरा दोष लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीचा होता. दोन्ही बाजूंचे मिळून 950 आणि मजुरी 300. आवाज बंद.

पोलिसांकडे गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मॅटर आहे." मी फोटो दाखवले, व्हिडिओ दाखवला, पाहिलेसुद्धा नाहीत. हद्द आमची नाही म्हणून दुसरीकडे पाठवलं, तिथून परत पहिल्याकडे. खोटं बोलून, खोटं दाखवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेत कलम 318 चा गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं का? शेवटी अर्जावर नुसता पोच शिक्का मिळाला, तोही तिसऱ्या फेरीत. तीन दिवसांची रजा गेली. परिवहन कार्यालयात विचारलं तर "गॅरेज आमच्याकडे येत नाही." मग कोणाकडे येतं?

चाक काढलं की आधी मोबाइल काढा. स्ट्रटच्या बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, पाना लागला तर तो तुटतोच. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर स्ट्रट बहुधा ठीक आहे. माझी थांबली होती. चहाला जाऊ नका.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. धुळे-जळगाव रस्त्यावर कोणाला अशीच कोऱ्या कागदावरची चिठ्ठी मिळाली असेल तर ती फेकू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.