तागीन मागवायचं की मेझे? एकाच मेनूतल्या दोन चुली

उत्तर गोव्यात आसगाव, हणजूण, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात ‘मोरोक्कन आणि मेडिटेरेनियन’ अशी पाटी दिसली की समजावं, मेनू एक असला तरी आत चुली दोन आहेत. एकीवर तागीन, कुसकुस, हरीरा. दुसरीवर हमस (शिजवलेल्या चण्याचं वाटण), फलाफल (चण्याचे तळलेले गोळे), शिश तावूक (सळईवर भाजलेली कोंबडी), ग्रीक सॅलड. पाटी तशी गमतीचीच. २०१० साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला वारसा यादीत घेतलं तेव्हा स्पेन, ग्रीस आणि इटलीबरोबर चौथा देश मोरोक्कोच होता. पण हॉटेलवाल्यांच्या भाषेत मेडिटेरेनियन म्हणजे लेबनॉन, तुर्कस्तान, ग्रीस या बाजूचं जेवण. इथेही तोच अर्थ धरला आहे.

कुठल्या बाजूचं मागवावं हे जिभेआधी घड्याळ ठरवतं. मेझे, म्हणजे मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खायच्या छोट्या ताटल्या, कधीही जाऊन मागवता येतात. तागीन मात्र तुम्ही पोचायच्या आधीच चुलीवर चढलेलं असावं लागतं.

तागीन हे भांड्याचं नाव आणि पदार्थाचंही. खाली उथळ मातीचं ताट, वर शंकूसारखं झाकण. वाफ झाकणाला लागून थंडावते आणि परत खाली ठिबकते, म्हणून किलोभर मटणाला कप-दीड कप पाणी पुरतं. मंद आचेवर मटणाला दोन तास लागतात, कोंबडीला साधारण एक. थंड मातीचं भांडं एकदम मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकतं, त्यामुळे घाई करायची सोयच नाही. ऑर्डर घेतल्यावर कुणीही कच्च्या मटणापासून सुरुवात करत नाही. चांगल्या ठिकाणी सकाळीच मोठ्या पातेल्यात मटण कांदा-मसाल्यात शिजवून ठेवतात आणि रात्री एकेका तागीनात पंधरा-वीस मिनिटं पुन्हा मुरवतात. यात फसवणूक काहीच नाही, आपली शाकुतीही मुरल्यावरच लागते. गडबड होते ती कुकरमध्ये नुसत्या मिठाच्या पाण्यात मटण उकडून, वरून रस्सा ओतून, मातीचं भांडं फक्त दाखवायला आणतात तेव्हा. ओळख सोपी आहे. खऱ्या तागीनात कांदा विरघळून गेलेला असतो, रस दाट असतो आणि कडेला तेल सुटलेलं असतं. रस पाण्यासारखा पळत असेल किंवा कॉर्नफ्लोअरने चकाकत असेल, आणि मटणाचा तुकडा आतून फिका लागत असेल, तर ते जेमतेम दहा मिनिटांचं काम आहे.

मेनूवरही एक खूण सापडते. ‘तागीन: चिकन / मटण / कोळंबी / पनीर’ असं एका ओळीत छापलं असेल तर रस्सा चौघांचा एकच, आत टाकायचे तुकडे तेवढे वेगळे. कोळंबीला पाच मिनिटं पुरतात आणि मटणाला दोन तास लागतात. दोघांची चव एका रसात कशी उतरणार? अशा ठिकाणी सरळ मेझेकडे वळावं. नाहीतर जाण्याआधी फोनवर विचारावं, ‘मटण तागीन आज तयार असतं की सांगून ठेवावं लागतं?’ ‘दुपारपर्यंत सांगा’ हे उत्तर सगळ्यात आश्वासक.

पहिल्यांदाच खाणाऱ्यांनी कोंबडी, खारवलेलं लिंबू आणि ऑलिव्हचं तागीन घ्यावं. हे लिंबू चिरा देऊन, मीठ भरून, स्वतःच्याच रसात महिनाभर मुरवलेलं असतं. आपल्याकडे तापातून उठलेल्याला पेजेबरोबर जुनं मिठातलं लिंबू देतात, त्याच्या जवळची चव. गर बहुधा टाकून देतात आणि साल वापरतात. ताजं लिंबू पिळून वेळ मारून नेली असेल तर आंबटपणा येतो, पण सालीचा तो मुरलेला, किंचित कडसर वास येत नाही. मटण आणि सुक्या आलुबुखाराचं तागीन मात्र विचार करून मागवा. त्यात मध, दालचिनी आणि बदाम असतात, ते गोडच असतं. ज्यांना मटणात साखर खपत नाही त्यांचं जेवण तिथेच बिनसतं.

तिखटाचंही आधीच जाणून घेतलेलं बरं. मोरोक्कन मसाल्यात जिरं, सुंठ, हळद, पाप्रिका, केशर, दालचिनी असते. मिरचीचा जाळ जवळजवळ नसतो. रेशाद मसाल्यावर वाढलेल्या जिभेला पहिला घास मवाळ वाटेल. हारिसा नावाची मिरचीची चटणी वेगळी मागता येते. ती मुळात ट्युनिशियाची, पण अशा ठिकाणी बहुतेक असते.

तागीनाबरोबर कुसकुस हवाच असं अनेकांना वाटतं. मोरोक्कोत तागीन भाकरीसारख्या गोल पावाने खातात. कुसकुस हा वेगळा पदार्थ, मुख्यतः शुक्रवारचा, वर भाज्या आणि रस्सा घातलेला. इथे पावाच्या जागी पोई मिळत असेल तर बिनधास्त घ्या. कोंड्याची, आतून पोकळ पोई रस चांगला शोषते. हमसलाही ती पिटाइतकीच शोभते आणि बऱ्याचदा पिटापेक्षा ताजी असते.

कुसकुस म्हणजे रव्याचेच वळलेले कण. नीट करायचा तर तो दोन-तीनदा वाफवतात आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून तेल व मिठाचं पाणी लावून हाताने मोकळा करतात. हॉटेलात बहुधा झटपट कुसकुस असतो: जेवढ्यास तेवढं उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, मग काट्याने मोकळा करायचा. तोही चांगला होतो. पाणी जास्त झालं किंवा झाकून तसाच राहिला की गार उपम्यासारखा गोळा येतो. तसा आला तर परत पाठवायला संकोच नको, दुसरा करायला त्यांना पाचच मिनिटं लागतात.

आता मेझेची बाजू. इथे वाट पाहावी लागत नाही आणि शाकाहारी माणसाला निवड भरपूर. चुका मात्र बारीक असतात. हमस खोलीच्या तापमानाचा, मऊ, चमच्याने खळगा करून त्यात तेल राहील असा हवा. फ्रिजमधून थेट आला की तो सिमेंटसारखा घट्ट आणि चवीला मुका होतो. कडवट लागला तर बहुतेक त्यातली ताहिनी (तिळाचं वाटण) जुनी, म्हणजे तिळाचं तेल खवट झालेलं. गोव्याच्या दमट हवेत उघड्या बरणीचं हे होतंच. रवाळ लागला तर चणे पुरते शिजलेले नाहीत.

फलाफलचे चणे फक्त रात्रभर भिजवतात, उकडत नाहीत. उकडलेल्या चण्याचा गोळा तेलात फुटतो, मग तो सावरायला मैदा किंवा बेसन घालतात आणि शेवटी हातात येते भजी. मोडून पाहा: आतून कोथिंबिरीमुळे हिरवट आणि भुसभुशीत असेल तर बरोबर. तबूले या सॅलडमध्ये भरडलेला (बल्गर) गहू थोडा आणि पार्सली भरपूर हवी. पार्सली महाग पडते म्हणून प्रमाण उलटं झालेलं पुष्कळ ठिकाणी दिसेल.

दोन्ही चुलींची तुलना एका ताटात करायची असेल तर वांगं मागवा. लेबनॉनकडचं मुतब्बल (आपल्याकडच्या मेनूवर बहुधा बाबा गनूश) आचेवर भाजलेल्या वांग्याचं, ताहिनी आणि लिंबू घातलेलं, गार आणि धुरकट. मोरोक्कन झालूक टोमॅटो, लसूण, जिरं आणि पाप्रिका घालून तेलात शिजवून आटवलेलं, ताहिनीशिवाय. भरीत आवडणाऱ्याला मुतब्बल लगेच ओळखीचं वाटेल, पण पोईबरोबर आमचं मत झालूकला. तिळाची ॲलर्जी असेल तर झालूकच, आणि हमस टाळायचा.

माशात मोरोक्कोचा पक्ष बळकट आहे. चर्मुला हे कोथिंबीर, पार्सली, लसूण, जिरं, पाप्रिका, लिंबू आणि तेलाचं वाटण. काफ्रियालच्या हिरव्या मसाल्याचा भाऊ म्हणता येईल, फक्त हिरव्या मिरचीचा झणका नसलेला. चोणक किंवा इसवणाच्या जाड तुकडीला ते छान धरतं. पातळ माशावर मसाला शिजेपर्यंत मासा कोरडा पडतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या दोन महिन्यांत मासा कुठला आणि कधीचा हे विचारावं, किंवा चण्या-वांग्यावर भागवावं. पावसाळ्यात उघड्यावरच्या कितीतरी जागा बंदच असतात, तेव्हा आधी फोन करावा.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. हरीरा मसूर, चणे आणि टोमॅटोचं सूप असलं तरी त्यात अनेकदा मटण किंवा मटणाचा अर्क असतो. भाज्यांचा कुसकुसही कोंबडीच्या पाण्यात भिजवलेला असू शकतो. आणि फलाफल ज्या कढईत तळतात तिच्यातच माणक्यो (स्क्विड) तळतात का, हे विचारायला हवं. बहुतेक वाद इथेच होतात. फेटा चीजमध्ये प्राणिज रेनेट (जनावराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं विरजण) असू शकतं, काटेकोर शाकाहारी असाल तर लबने (चक्क्यासारखं टांगलेलं दही) घ्या. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर दोन्ही चुलींवर फारसं काही मिळणार नाही.

चौघांसाठी हिशोब असा: तीन मेझे, एक सॅलड, एक तागीन आणि एक ग्रिल. हमस, मुतब्बल, लबने, त्झात्झिकी (काकडी घातलेलं घट्ट दही) अशा चारही मऊ गोष्टी एकदम मागवू नयेत, दहा मिनिटांत तोंड कंटाळतं. एक मऊ, एक कुरकुरीत, एक आंबट असं धरा. तळलेल्या पावाचे तुकडे घातलेल्या फत्तूश सॅलडमध्ये शेवटची दोन्ही कामं होतात. पाव नेहमी डिपच्या आधी संपतो आणि जादा पावाचे पैसे वेगळे लागतात. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तागीन त्यांच्यासमोर ठेवा, हाडावरून सुटलेलं मटण दातांना जड जात नाही. पोरांना शिश तावूक. दोघंच असाल आणि हाताशी तासभरच असेल, तर तागीनाचा नाद सोडा.

बिलात साध्या रेस्तराँच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, दारूवर तो लागत नाही, तिचा कर वेगळा. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं.

पुदिन्याचा चहा मागवताना साखरेचं त्याच वेळी सांगा. गनपावडर नावाची हिरवी चहापत्ती, पुदिना आणि भरपूर साखर किटलीतच एकत्र करतात, नंतर कमी करता येत नाही.

उरलेलं बांधून न्यायचं तर तागीन न्या, दुसऱ्या दिवशी ते जास्तच लागतं. झालूकही टिकतं. फलाफल मात्र डब्यात कोंडलं की म्हापसा यायच्या आत मऊ पडतं, ते टेबलावरच संपवा.