माल्ट मिल घेतली, एफिशियन्सी ६२ वरून ७६ वर आली, पण श्रेय कुणाचं

मी घरी बिअर बनवतो, त्यासाठी लागणारा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडायला ही मिल घेतली. आधी सांगतो, मिल चांगली आहे, पण खोक्यातून काढली आणि चालू केली असं होणार नाही. दोन रोलरवाली, हाताने फिरवायची किंवा ड्रिल लावायची, वर साधारण ३ किलोचा हॉपर (माल्ट ओतायचं नरसाळं). आतापर्यंत सात बॅच भरडल्यात.

घ्यायचं कारण एकच. ५ किलो पेल माल्ट टाकून उकळायच्या आधी २५ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) मिळायचं आणि ग्रॅव्हिटी (साखरेमुळे वाढणारी घनता, नुसतं पाणी म्हणजे १.०००) १.०३७ च्या वर हलायची नाही, म्हणजे एफिशियन्सी (माल्टमधून निघू शकणाऱ्या साखरेपैकी हाती आलेली) जेमतेम ६२ टक्के. पाण्याचा पीएच बघितला, थर्मामीटर तपासला, मॅश (गरम पाण्यात भिजवलेली भरड) दीड तास ठेवला, ढिम्म. मग डोकं चाललं आणि स्पार्ज करायच्या (चोथ्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुवायच्या) आधीच पहिल्या वर्टची ग्रॅव्हिटी घेतली (थंड करून हं, घनता मोजायचा हायड्रोमीटर साधारण २० डिग्रीला बरोबर दाखवतो). किलोला ३ लिटर पाणी धरलं तर स्टार्च पूर्ण मोडल्यावर ती १.०८० च्या पुढे यायला पाहिजे, माझी आली १.०६५. म्हणजे साखर धुवायची राहत नव्हती, मुळात तयारच होत नव्हती. चोथा चिवडून बघितला तर त्यात अख्खे दाणे! भरडून विकत घेतलेला माल्ट होता तो. तुमची पहिली ग्रॅव्हिटी बरोबर येत असेल तर मात्र मिल घेऊ नका, तुमचा घोळ स्पार्जमध्ये नाहीतर मॅश टनच्या (मॅश करायच्या भांड्याच्या) तळाशी अडकणाऱ्या वर्टमध्ये आहे.

आता मिलची गंमत. पहिल्या बॅचला कंपनीने सेट केलेल्या गॅपवरच (दोन रोलरमधली फट) भरडलं आणि आकडा जवळपास तोच. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून मोजलं तर एका टोकाला १.३ मिमी आणि दुसऱ्या टोकाला १.१, आणि डायलवर काय लिहिलंय तर १.०. म्हणून डायलवर विश्वास ठेवू नका, दोन्ही टोकं मोजा. मग मी चेव आल्यासारखा थेट ०.७ वर गेलो, वर ड्रिल फुल स्पीडला, सालांचा पार चुरा आणि निम्मं पीठ, स्पार्ज असा अडकला की रात्री अकरा वाजता पळीने मॅश ढवळत बसलो होतो. बॅगेत मॅश करणाऱ्यांना ०.७ चालून जातं, फॉल्स बॉटमवाल्यांनी (भांड्याच्या तळाशी जाळी बसवणाऱ्यांनी) नाद करू नये.

शेवटी जमलं ते ०.९ वर, ड्रिल १५०-२०० आरपीएमच्या आसपास आणि भरडायच्या आधी माल्ट किंचित ओलावून. ५ किलोला १०० मिली पाणी, स्प्रेने थोडं थोडं मारत हाताने कालवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. साल चिवट होते, फुटत नाही, आतला दाणा मात्र कोरडाच राहतो आणि छान कणी पडते. साल अख्खी राहिली की तीच गाळणीचं काम करते. यापेक्षा जास्त पाणी मारलं तर रोलरला लगदा चिकटतो आणि गंज धरतो, मिल धुवायची तर नाहीच, कोरड्या ब्रशने झाडायची. आता पहिली ग्रॅव्हिटी १.०८० आणि उकळायच्या आधी १.०४६, म्हणजे ७६ टक्के. माल्ट तोच, पाणी तेच.

तक्रार एकच पण मोठी. गॅप लॉक करणारे स्क्रू ड्रिलच्या थरथरीने सैल होतात. ०.९ ला सुरू केलेली भरड पाचव्या किलोपर्यंत १.१ वर गेलेली असते. कंपनीला मेल केला तर हाताने घट्ट आवळा असं उत्तर आलं, आता आवळत नव्हतो का मी? स्प्रिंग वॉशर टाकले तेव्हा थांबलं. एवढा जड रोलर देता आणि वॉशर द्यायला जिवावर येतं, कमाल आहे.

गव्हाचा माल्ट बारीक आणि कडक असतो, त्याला गॅप कमी करून वेगळा भरडावा लागतो. आणि जिथे बिअर आंबायला ठेवता तिथे मिल चालवू नका, माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस असतात, माझी एक बॅच आंबट झाली ती बहुतेक त्यानेच.