भाऊ दाजी लाड संग्रहालय: आत आल्बर्ट, अंगणात राणी

मुंबईत भायखळा पूर्वेला उतरून चालत जाता येतं. संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे आणि बुधवारी बंद असतं. नीट पाहायचं तर दोन तास हाताशी ठेवा. सगळे आधी दालनात शिरतात. तुम्ही मागच्या अंगणापासून सुरुवात करा.

शहरातून हलवलेले ब्रिटिशकालीन पुतळे तिथे आहेत. नाक तुटलेली संगमरवरी राणी म्हणजे इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबलने घडवलेली व्हिक्टोरिया. पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. १८९६मध्ये दामोदर चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. डाग निघता निघेनात. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढले. आपल्याच एका राजाने उभं केलं, आपल्याच माणसाने काळं केलं, आपल्याच माणसाने धुतलं! तिथे उभं राहून हे तिन्ही आठवा, मगच आत जा.

आत हिरवट भिंती, सोनेरी नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब आणि समोर व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट. हाही नोबलचाच. १८७२मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ म्हणून उघडलेल्या वास्तूला १९७५मध्ये मुंबईचे डॉक्टर आणि अभ्यासक भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. उभारणीसाठी निधी गोळा करणाऱ्यांत ते होते, त्यामुळे नाव रास्तच आहे. पण पाटी बदलली तरी दालनाची मांडणी आल्बर्टभोवतीच फिरते. २००८मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराने तर ती आणखी झळाळली. काम अव्वल आहे, शंका नाही.

वरच्या मजल्यावर जाती-जमातींच्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांच्यावर घाई करू नका. पगडी, पोशाख, धंदा यांवरून माणसं खणांत बसवायची, ही त्या काळच्या छायाचित्रांचीही नजर. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनचा मुंबईच्या ‘जातीं’चा अल्बम १८६३ ते ६६मधला. त्यातली बरीच चित्रं जोडकामाची: माणसं एका फोटोतली, पार्श्वभूमी दुसऱ्याच फोटोतली. अशा चित्रांचं प्रदर्शन कुठेही लागलं तर आधी पायांकडे बघा. सावली पडत नाही किंवा उलटी पडते, कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते, मागची इमारत माणसाच्या मापाला बसत नाही. भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी त्याच काळात मुंबईत कॅमेरा चालवत होते, हे मात्र प्रदर्शनांत क्वचितच पुढे येतं.

बाहुल्या काचेआड आहेत. फोटो काढायला परवानगी असली तरी फ्लॅश नको, काचेत फक्त पांढरा ठिपका उमटेल. गडद शर्ट घाला, लेन्स काचेजवळ न्या आणि थोडं तिरकं उभं राहा.

निघताना बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. तो घारापुरीचा. १८६४मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना फुटला, १९१४मध्ये तुकडे जोडून उभा केला. जवळ गेलात की सांधे दिसतात.