गुडघे टेकू, ओळखी काढू की कंबर कसू?

मिरजेत रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात, लिंबाच्या सावलीत, पंधरा-वीस मिनिटं गप्पा होतात. तिथं मला दर दोन-तीन महिन्यांनी एकच प्रश्न येतो. विचारणारा साधारण पस्तीस-चाळिशीचा असतो. नोकरी दवाखान्यात नाहीतर शाळेत, घराचा हप्ता चालू, पोरं शिकतायत. "काका, तुम्ही या वयात लाइन बदलली. प्रार्थनेनं झालं, की कुणाची ओळख होती?" आणि तिसरा कुणीतरी मधेच बोलतो, "माणसात जिद्द पाहिजे, बाकी सब झूट."

मी चौदा वर्षं इथल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासले. आता हळद, बेदाणा आणि द्राक्षं तपासतो. त्यामुळं या तिन्ही वाटांवर थोडा थोडा चाललोय, तिन्हींवर ठेचाही खाल्ल्यात. ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी त्या एकमेकींशेजारी ठेवून बघतो. माझी कसोटी एकच आहे: रविवारी काय वाटलं ते सोडा, सोमवारी सकाळी या वाटेनं तुमच्या हातून काय करवून घेतलं?

प्रार्थना

आधी तिचं खरं बळ. नोकरी का सोडायची, हा प्रश्न प्रार्थनेइतका नीट दुसरीकडं कुठं सुटत नाही. मला वाटायचं, मला लॅबचाच वीट आलाय. तीन आठवडे रोज पहाटे प्रार्थनेनंतर वहीत चार ओळी लिहायचा नेम धरला. देवासमोर खोटं लिहिता येत नाही, निदान रोज तरी नाही. वीस दिवसांनी वही चाळली तर तक्रार दोनच गोष्टींची निघाली, रात्रपाळी आणि एक वरिष्ठ. मशिनपुढं बसायला मला आवडतच होतं. म्हणजे काम तेच ठेवून नमुना बदलायचा होता. ही गोष्ट मला कुठल्याही ओळखीच्या माणसानं सांगितली नसती, कारण ओळखीचा माणूस जागा कुठं आहे ते सांगतो, तुम्हाला काय सलतंय ते त्याला कुठून कळणार?

आता तिचा तोटा. तोटा प्रार्थनेचा नाही, आपण तिचा जसा वापर करतो त्याचा. प्रार्थनेला आपण तारीख घालत नाही. "प्रभूची इच्छा असेल तर दार उघडेल" म्हणत माझ्या पाहण्यातली माणसं सहा-सहा वर्षं बंद दारापुढं बसलीत, आणि दाराला कडी आहे का हेही त्यांनी बघितलेलं नाही. वचनपेटीतून, म्हणजे बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांच्या डबीतून, चिठ्ठी काढून राजीनामा ठरवणारेही आहेत. बायबलमधल्या गिदोनानं देवाची खूण बघायला रात्री खळ्यात लोकर मांडली होती, तो दाखला ते देतात. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्यानं धीर येत नव्हता म्हणून मांडली, मार्ग कळत नव्हता म्हणून नाही.

मला बायबलमधला नहेम्या जवळचा वाटतो, कारण तोही नोकरदार. राजाचा प्यालेबरदार. किस्लेव या यहुदी महिन्यात यरुशलेमचा तट पडल्याची बातमी कानावर आली आणि राजापुढं विषय निघाला नीसानात, म्हणजे मध्ये सुमारे चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजानं विचारलं तेव्हा त्याच्याकडं सगळा हिशेब तयार होता. किती दिवसांची रजा, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावानं पत्र. चार महिन्यांत तो नुसता रडत बसला नव्हता, हे त्या मागण्यांवरून कळतं.

आणखी एक गोष्ट लहान गावात लक्षात ठेवायची. प्रार्थना सभेत उभं राहून "माझ्या नोकरी-बदलासाठी विनंती" केली की मंगळवारपर्यंत ती तुमच्या साहेबापर्यंत पोहोचते. नहेम्यानं तटाची पाहणी रात्री केली, सोबत मोजकी माणसं, आणि मनात काय आहे ते कुणाला सांगितलं नाही. पाळक आणि एक प्रार्थना-सोबती, एवढ्यांना सांगितलं तरी देवाला ऐकू जातं.

ओळखी

इथं जरा थांबतो, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच.

नेटवर्किंग म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, वशिला किंवा लाळघोटेपणा. दोन्हींची लाज वाटते, म्हणून आपण फक्त जवळच्यांना विचारतो. मंडळीत, नात्यात, कॉयरमध्ये. आता बघा, मिरजेतली आपली जवळची माणसं कोण आहेत? डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली इथं मिशनचा दवाखाना उभा केला. त्याच्या आधारानं आपल्या कित्येक घरांच्या तीन-चार पिढ्या नर्स, कंपाउंडर, लॅब टेक्निशियन झाल्या. मोठी गोष्ट आहे, मी त्याच भाकरीवर वाढलो. पण परिणाम असा की, मंडळीत दहा जणांना विचारलं तर नऊ जण तुम्हाला दुसऱ्या दवाखान्यातली जागा सांगतात. तीच पाळी, तोच पगार, फक्त गेट वेगळं. आपली मार्केट यार्डात अडत नाही, साखर कारखान्यावर आपला संचालक नाही, तासगावला आपली बाग नाही. तिकडच्या जागांची बातमी आपल्या बाकांपर्यंत येतच नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली हेच आकड्यांत मांडलं. बोस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या 54 जणांना त्यानं विचारलं, की ज्यानं बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारा माणूस 16.7 टक्क्यांच्याच बाबतीत निघाला. अधूनमधून भेटणारा 55.6 टक्के, क्वचित भेटणारा 27.8 टक्के. नमुना लहान आहे, गाव त्यांचं आहे. पण कारण सांगलीतही तेच लागू पडतं: जवळच्याला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

माझी बातमी आली ती एका कोल्ड स्टोरेजच्या हिशेबनिसाकडून. बेदाण्याचं स्टोरेज. त्याच्या आईची शुगर तपासायला मी महिन्यातून एकदा घरी जाऊन नमुना घ्यायचो. आमचं बोलणं चहापुरतं. एकदा म्हणालो, "मी मूळचा केमिस्ट्रीचा बी.एस्सी. तुमच्या बेदाण्याच्या तपासण्या कुठं होतात हो?" तो म्हणाला, "अहो, त्या लॅबला माणूसच मिळंना झालाय. एचपीएलसी येतं का तुम्हाला?" येत नव्हतं. एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशिन. पण माणूस हवाय एवढं कळलं, आणि तेवढं कळायला मला चौदा वर्षं लागली होती.

म्हणून विचारायचं कसं, तर नोकरी मागायची नाही. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो आणि "बघतो, सांगतो" म्हणून सुटतो. वीस मिनिटं मागायची. "तुमचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय" म्हटलं की सांगलीचा माणूस चहा सांगून तासभर बोलतो. वेळही बघायची. हळदीची नवी आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून, द्राक्ष-बेदाण्याचा हंगामही त्याच्या आगेमागेच, तेव्हा कुणाला बोलायला उसंत नसते. लॅबला माणूस लागतो तो त्याआधी. आपण मात्र लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत निर्णय घ्यायला बसतो, म्हणजे ऐन हंगामात. प्रार्थना लेंटमध्ये करा, फोन दिवाळीनंतर करा.

ओळख काढणं कमी विश्वासाचं लक्षण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी नव्या करारातला बर्णबा आठवावा. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, कारण आधी त्यानं त्यांना छळलेलं होतं. बर्णबानं त्याला हाताशी धरून प्रेषितांकडं नेलं आणि त्याच्याविषयी सांगितलं. पुढं अंत्युखियात माणसाची गरज पडली तेव्हा हाच बर्णबा तार्साला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. याला आजच्या भाषेत रेफरन्स म्हणतात.

तोट्याची बाजूही सांगतो, कारण ती मला चाळीस हजारांना पडली. लाइन बदलायच्या आधी मला आखातात लॅबची नोकरी लावतो म्हणणारा एक जण भेटला, दुसऱ्या गावच्या मंडळीतून ओळख निघालेला. भेटला की आधी "प्रेज द लॉर्ड", निघताना प्रार्थना. अशा माणसाला परवाना आहे का विचारायची मला लाज वाटली. पैसे गेले, माणूसही गेला. परदेशाचं कुणी बोललं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट नोंदणीकृत आहे का ते बघायचं. बंधू असला तरी बघायचं.

जिद्द

यावर कमी बोलतो, कारण मोबाइलवर यावर बोलणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओ बघून चढलेला जोर बुधवारपर्यंत टिकतो, हा माझा अनुभव. मी एचपीएलसीचा अभ्यास सरकारच्या स्वयम पोर्टलवर केला. ऐकायला फुकट, परीक्षेला पैसे. पहिल्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात सोडला. रात्रपाळी करून पहाटे व्हिडिओ बघायचो आणि झोप लागली की स्वतःला आळशी म्हणायचो. आमच्या पाळकबाईंनी एलीयाची आठवण करून दिली. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. मग वाट. दुसऱ्या खेपेला मी आठवड्यातले तीनच दिवस धरले, संध्याकाळचे, आणि शेजारच्या मुलाला रोज विचारायला सांगितलं, "काका, झाला का धडा?" त्या पोराच्या तोंडाला भिऊन अभ्यास पुरा झाला. जिद्द म्हणजे हीच असेल तर माझ्याकडं आहे म्हणा.

जिद्द आधी आणि माहिती नंतर, असं झालं की पैसे वाया जातात. एका ओळखीच्यानं मोठी फी भरून सॉफ्टवेअरचा क्लास केला. त्या कामाची जागा सांगली-कुपवाडात किती आहे हे त्यानं फी भरल्यावर विचारलं. मुंबई-पुण्याला जायची घरून परवानगी नव्हती. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मांडावा, हे प्रभूनं सांगितलेलं त्याला तोंडपाठ होतं.

पैसा मधे येतोच

खर्चाचं निघालंच आहे तर हेही. प्रार्थनेला पैसे लागत नाहीत, वेळ जातो. ओळखींना चहा आणि पेट्रोल लागतं. जिद्दीला फी लागते. पण खरा खर्च पहिल्या वर्षाच्या कमी पगाराचा. माझा चार हजारांनी उतरला, वर यायला दोन वर्षं गेली. जुन्या नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागून घ्या. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले 15, गुणिले वर्षं, भागिले 26. चौदा वर्षांना आणि 18 हजारांना ते सुमारे 1 लाख 45 हजार होतात. पीएफ मात्र काढू नका, यूएएन या पीएफच्या कायम नंबरावरून नव्या नोकरीत वळता करा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि रक्कम काढून बसलं की मोजणी तुटते.

इथं साताऱ्याचा दाखला हटकून दिला जातो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांत, 1919 साली ते गेले. मला त्या माणसाविषयी अपार आदर आहे. पण ते संन्यासी वृत्तीनं बाहेर पडले होते, बँकेचा हप्ता मागं ठेवून नाही. ज्याला पगार बदलायचाय त्यानं टिळकांचं उदाहरण साक्षीत ऐकावं आणि हिशेब पौलाचा घालावा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि दर शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. जुना धंदा हातात ठेवून नवं काम.

मग कुणी काय धरावं

का सोडायचंय हेच ज्याला सांगता येत नाही, त्यानं कुणालाही फोन करू नये. एक महिना, एक वही आणि शेवटच्या पानावर तारीख. कुणीतरी "मग नक्की काय हवंय?" असं विचारल्यावर जो गडबडतो, त्याची ओळख वाया जाते, आणि तीच ओळख दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

का आणि काय हे ठरलंय पण दोन वर्षं नुसती प्रार्थना चाललीय, अशांसाठी माझा कौल सरळ ओळखींच्या बाजूनं आहे, आणि त्याही लांबच्या. मंडळीत अशीच माणसं जास्त आहेत. जिद्दीचा क्लास तिसऱ्या नंबरावर, जागा दिसल्यानंतर.

कामावर अपमान किंवा आजारपण सोसणाऱ्याचं गणित वेगळं. त्यानं आधी मिळेल तो बदल घ्यावा, दुसरा दवाखाना का असेना. झोप पुरी झाली की पुढचं बघता येतं.

गेल्या महिन्यात आवारातल्या एका पोराला ओळखीच्या माणसांची सात नावं लिहून आणायला सांगितलं होतं. त्यानं आणली. पाच मंडळीतली, एक साडूचं. मी ती सहा खोडली. सातवं त्याच्या दूधवाल्याचं होतं, ते त्यानं जागा भरायची म्हणून लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं, दूधवाल्याचा थोरला भाऊ कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर मुकादम आहे.