मतदानाची शाई : एका पार्लरवालीचा रिव्ह्यू

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं छोटं पार्लर आहे. सोळा वर्षं दुसऱ्यांची नखं हातात घेऊन बसतेय, तेव्हा नखाला लागणाऱ्या कुठल्याही वस्तूवर बोलायचा हक्क आपला. नेलपेंट झालं, जेल झालं, मेंदीच्या कोनांवर तर भांडणं झाली. आज मतदानाच्या शाईवर. २०२४ मध्ये ती दोनदा लावून घेतली, ७ मे रोजी लोकसभेला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेला.

किंमत शून्य, पण दुकानात मागाल तर मिळणार नाही. बनते म्हैसूरला, कर्नाटक सरकारच्या कारखान्यात. तो १९३७ मध्ये तिथल्या महाराजांनी लाखेसाठी आणि रंगासाठी काढला. १९६२ च्या निवडणुकीपासून ही शाई तिथूनच येते. दहा मिलीच्या बाटलीत सातशेच्या आसपास बोटं रंगतात. आत सिल्व्हर नायट्रेट असतं. लावताना जांभळट दिसतं, उन्हात आलात की कातडीवरच्या मिठाशी जमून काळं पडतं. मे महिन्यातलं कोल्हापूरचं ऊन, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर येईपर्यंत काम फत्ते.

टिकतं का? गिऱ्हाइकांनी माझ्या देखत अॅसिटोन, लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच सगळं लावून बघितलं. बोटं लाल झाली, शाई हलली नाही. कातडीवरची दहा-बारा दिवसांनी सालपटासारखी निघते. नखावरची निघत नाही, नख वाढेल तशी पुढं सरकते. जेल पॉलिश तीन आठवडे टिकलं तर आम्ही हजार रुपये घेतो, ते आठवून जरा लाजच वाटली.

लावण्याच्या पद्धतीवर मात्र माझा आक्षेप आहे. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ, असा नियम. माझ्या बोटावर रेघ नव्हे, डाग पडला आणि ओघळ आत बोटाच्या बेचक्यात गेला. हात बसलेला नव्हता बिचाऱ्याचा, सकाळपासून शेकडो बोटं झाली असणार. अर्धा तारा इथं कापला. आणि एक सांगून ठेवते, त्या एका नखावर नेलपेंट लावून जाऊ नका. शाई पॉलिशवर बसते आणि पॉलिशबरोबर निघून जाते. बोटाला तेल लावून गेलात तर तिथले लोक फडक्यानं पुसून घेतात, तो नाद करू नका.

७ मे रोजी पार्लर दुपारी एकला उघडलं. पाटीवर खडूनं लिहिलं होतं, ‘शाई दाखवा, आयब्रो तीस रुपये.’ शेजारच्या काकू घामाघूम होऊन दारातूनच बोट नाचवत आल्या, "आलो की टाकून! दोन तास उभा होतो!" (आमच्याकडं बायकाही आलो-गेलो म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी हसून घ्यावं.) त्यांच्या मागं त्यांची सून, सुनेच्या मागं वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरगी. तिला काकूंनीच झोपेतून उठवून नेलं होतं. शाई दुबार मतदान रोखायला आहे म्हणतात. आमच्या गल्लीत ती दुसरंच काम करते. कुणाचं बोट कोरं आहे ते चारचौघींत दिसतं, आणि कोऱ्या बोटाला संध्याकाळपर्यंत प्रश्न विचारले जातात. कोल्हापूरचं मतदान ७१ टक्क्यांच्या वर गेलं, राज्याचं ६१ च्या आसपास राहिलं. देशात बायका ६५.७८ टक्के आणि पुरुष ६५.५५. सभा कुणाच्याही होऊ देत, त्या किंचित जास्तीच्या आकड्यात मला काकू दिसतात.

तीन दिवसांनी अक्षय्य तृतीया. आदल्या दिवशी एक नवरी खुर्चीत. मेंदी गडद, नखांना मरून रंग, आणि डाव्या तर्जनीवर काळा पट्टा. नख रंगात झाकलं, पण नखाच्या मुळाशी कातडीवर शाई तशीच. तिच्या मावशीनं कन्सीलर लावायला सांगितलं. मी डबी उघडलीसुद्धा. पोरगी म्हणाली, "राहू दे ताई. माहेरच्या यादीतलं शेवटचं मत हाय." डबी बंद केली.

४ जूनला निकाल लागला. राजघराण्यातले शाहू छत्रपती दीड लाखाच्या वर मतांनी आले, १९९८ नंतर पहिल्यांदा कोल्हापुरातून पंजा निवडून आला. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही विरोधकांची घोषणा प्रचारात रोज कानावर पडत होती. लोकांनी मान आणि मत दोन्ही एकीकडं टाकलं. मग चौकाचौकात ‘पुरोगामी कोल्हापूर’चे फलक. फलकावरच्या पुरोगामीचं मला फारसं अप्रूप नाही, पण मतदानाच्या रांगेत माझ्या पुढं धुण्याभांड्याच्या मावशी होत्या आणि त्यांच्या पुढं त्यांचीच मालकीण. दोघींच्या बोटाला एकाच बाटलीतली एकच काडी लागली. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज मुद्दाम चहा प्यायला थांबायचे, ते हे गाव. मतदानाच्या आदल्याच दिवशी, ६ मे रोजी, शाहू महाराजांचा स्मृतिदिन झाला होता.

पण मतदानाच्या आठवड्यात सहा जणींचं बोट कोरं होतं, ते मला जास्त टोचलं. एक गावाला गेली होती, एकीला कंटाळा आला होता, ते सोडा. उरलेल्या चौघींचं नाव यादीत नव्हतं, किंवा लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली तरी माहेरी कागल-राधानगरीकडं पडून होतं. पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म, नवं नाव घालायला सहा नंबरचा, एवढंच. पण सांगणार कोण? ऑगस्टमध्ये विधानसभेसाठी यादी दुरुस्त होत होती, तेव्हा आमच्या भागातल्या बीएलओ बाईंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाईंना, मी दोन दुपारी पार्लरमध्येच बसवलं. एका खुर्चीवर फेशियल, दुसरीवर आधारकार्डाच्या झेरॉक्स. धुण्याभांड्याच्या मावशींनी तेव्हा मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

माझ्या नखावरची मे महिन्यातली शाई तोवर निम्म्यावर आली होती. दिवाळीच्या गर्दीत, रात्री अकराला शटर ओढल्यावर, तिचा शेवटचा काळा तुकडा मी नेलकटरनं कापला. वीस दिवसांनी त्याच बोटावर नवी. या वेळी रेघ सरळ आली, लावणारी बाई होती. जिल्ह्यानं मतदानात राज्यात पहिला नंबर काढला, करवीर मतदारसंघात तर ८४ टक्क्यांच्या वर. त्या चौघींपैकी तिघींचं बोट काळं. आणि २३ तारखेला महाविकास आघाडीला जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा नाही. जूनमधले फलक लावणारे आठवडाभर पार्लरसमोरून मान खाली घालून जात होते. काकूंनी विचारलं, "आपणच गेलो न्हवं दोन्ही वेळा?" गेलो होतो. बोट आलं एवढंच शाई सांगते, कुठलं बटण दाबलं ते तिला ठाऊक नसतं, आणि वस्तू म्हणून हाच तिचा मोठा गुण.

पाचपैकी साडेचार तारे. रंग एकच मिळतो, त्याचे मी मार्क कापत नाही.

हे लिहिलं मार्च २०२५ मध्ये. तेव्हा नोव्हेंबरची रेघ नखाच्या टोकाला आली होती, एप्रिलमध्ये कापली जाणार होती. पुढची शाई महापालिकेची लागायची, तर तिथं २०१५ नंतर तोवर मतदानच झालेलं नव्हतं.