हॅमिल्टनची दोन चित्रं : ॲलन की रेनॉल्ड्स?

सर विल्यम हॅमिल्टन 1764 पासून 1800 पर्यंत इटलीतल्या नेपल्सच्या दरबारात ब्रिटनचे राजदूत होते. प्राचीन ग्रीक कलशांचं त्यांना भारी वेड. पहिला संग्रह त्यांनी 1772 मध्ये ब्रिटिश म्युझियमला विकला, त्याच वर्षी ‘सर’ही झाले.

डेव्हिड ॲलनच्या 1775 च्या चित्रात हा मानच डोळ्यांत भरतो. पूर्णाकृती हॅमिल्टन, ऑर्डर ऑफ द बाथ या ब्रिटिश सन्मानाचा लाल झगा, मागे व्हेसूव्हियस ज्वालामुखी. रुबाब आहे, पण माणूस झग्याआड जातो.

जोशुआ रेनॉल्ड्सने 1776-77 मध्ये, हॅमिल्टन रजेवर लंडनला आले असताना, त्यांना खुर्चीत बसवलं. मांडीवर त्यांच्याच कलशांवरचा ग्रंथ उघडा, आजूबाजूला प्रत्यक्ष कलश. छापील पान आणि खरी वस्तू एकाच चौकटीत! संग्राहक काय करतो, हे इथं एका नजरेत कळतं. व्हेसूव्हियस इथंही आहे, मागे दिसणारा. तोही हवाच, कारण या ज्वालामुखीचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता.

राजदूत पाहायचा तर ॲलन. मला मात्र रेनॉल्ड्सचंच चित्र आवडतं. दोन्ही लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहेत.